फाशीवरचं इंजेक्शन

“मॅडम, तिथंच थांबा! पुढं पावडर आहे.”

पोलीस निरीक्षक इंगवले एस. टी. स्टँडच्या पार्सल खोलीसमोर दोन्ही हात पसरून उभे होते. नाकावर एक रुमाल, त्यावर दुसरा रुमाल, त्यामुळे त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता. मी थांबले. अंगात रेनकोट, पायांत दोन नंबर मोठे गमबूट आणि डोळ्यांवर आयटीआयमधून मागून आणलेला वेल्डिंगचा काळा चष्मा, अशा अवतारात मला पावडर तर सोडाच, इंगवलेही धड दिसत नव्हते. शेवटी मी चष्मा काढून खिशात टाकला.

ते दोन हजार एक साल होतं. अमेरिकेत कुणीतरी टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सची पावडर पाठवली, माणसं दगावली आणि इकडे आमच्या दुष्काळी तालुक्यात लोकांना पांढरं दिसेल ते विष वाटू लागलं. मी जिल्ह्याची साथरोग अधिकारी. तोवर माझा संबंध गॅस्ट्रो, कावीळ आणि कुत्रा चावलेल्यांशी. आता जैविक दहशतवादही माझ्याच पदरात पडला. वरून परिपत्रक आलं, संरक्षक पोशाख यथावकाश पाठवू असंही कळवलं गेलं, आणि तोवर मी रेनकोटावर भागवत होते. एका शाळेत खडूची पूड निघाली, एका सोसायटीत रांगोळी. एकदा तर खुद्द पोलीस चौकीतल्या टेबलावर संशयास्पद भुकटी सापडली. ती कॅरमची निघाली. तो तपास मी आणि इंगवल्यांनी मिळून गुपचूप मिटवला.

पण आज इंगवले गंभीर होते. सकाळच्या गाडीच्या टपावरून घोंगड्यांचा गठ्ठा खाली टाकताना गोणपाट उसवलं होतं आणि आतल्या पुडक्यातली पिठूळ पावडर हमालाच्या डोक्यावर सांडली होती. हमालाचं नाव तात्या तुपे. त्याला लोकांनी बादल्या ओतून आंघोळ घातली होती आणि मग एकट्यालाच लांबच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. तो कुडकुडत नव्हता, चिडला होता.

“बाई, ही माणसं मला चहाबी देईनात,” तो म्हणाला. “लांबनं ढकलत्यात कप.”

मी त्याला तपासायला वाकले आणि माझं कुतूहल एकदम जागं झालं. मानेवर, जिथे गठ्ठा टेकतो तिथे, रुपयाएवढा फोड होता. मधोमध कोळशासारखी काळी खपली आणि भोवती टम्म सूज.

“हे दुखतं का?”

“न्हाई दुखत. तीच तर गंमत हाय.”

“कधीपासून आहे?”

“गेल्या बाजारापासनं. आदी खाजलं, मग फोड आला, मग काळं पडलं.”

काळी खपली, मोठी सूज आणि दुखणं मात्र नाही. पुस्तकात हा फोड मी शंभरदा वाचला होता, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होते. काळपुळी. म्हणजेच अँथ्रॅक्स. आनंद व्हायला नको होता, पण खोटं कशाला सांगू, शोध लागल्याचा एक आनंद असतो तो मला झाला. आणि पाठोपाठ डोक्यात किडा वळवळू लागला. पावडर सांडली आज सकाळी. फोड गेल्या बाजाराचा. पावडरीनं फोड आला म्हणावं, तर पावडरीच्या आधी फोड आला कसा?

तात्याला मी ग्रामीण रुग्णालयात भरती केलं आणि पेनिसिलिन सुरू केलं. फोडातला स्राव काचपट्टीवर घेतला, पावडरही घेतली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फोडात जंतू होते, बांबूच्या कांड्या ओळीनं जोडून ठेवाव्यात तसे. पावडरीत नुसतं पीठ होतं. दुसरी काचपट्टी केली, तिसरी केली. पीठच. दोन्हींचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेला पाठवले, पण मला उत्तर कळलं होतं. आता प्रश्न मोठा झाला होता.

इंजेक्शन घेऊन उताणा पडलेला तात्या मात्र खुशीत होता. चहा मिळाला होता.

“गठ्ठा कुणाचा होता?” मी विचारलं.

“नागझरीच्या मल्लाण्णा सनगराचा. दर बाजाराला असतो. जावयाला धाडतो तिकडं, घोंगड्या आन् चिंचोक्याचं पीठ. खळीला लागतं न्हवं का, घोंगडीला कडकपणा याला.”

“म्हणजे गेल्या बाजारीही त्याचाच गठ्ठा उचललात?”

“ह्याच मानंवर.”

“लोकर कुठली असते त्याची?”

तात्या उठून बसला. मी जणू त्याच्याच घरातल्या कुणावर संशय घेतला होता. “बाई, मल्लाण्णाची घोंगडी म्हंजे जित्या मेंढीची. मेल्याल्या मेंढीची लोकर त्याच्या मागाला शिवत न्हाई. बापजाद्यापासनं. म्हणून तर बिरोबाच्या जत्रंला देवाच्या अंगावर घालायला त्याचीच घोंगडी चालती. दुसऱ्याची घातली तर धनगर हुबं ऱ्हाऊ देत न्हाईत.”

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉ. आवटींना फोन लावला. तालुक्यात कुठे मेंढ्यांना अँथ्रॅक्स? आवटी म्हणाले, एकही नोंद नाही. लोकरीचा रस्ता तिथेच बंद झाला.

इंगवल्यांना मी सगळं समजावून सांगितलं. पावडर स्वच्छ आहे, माणूस मात्र खरोखर आजारी आहे, आणि फोड पावडरीच्या आधीचा आहे. ते शांतपणे ऐकत होते.

“म्हणजे,” ते म्हणाले, “पाठवणारा हुशार आहे. आधी खरी पाठवली, आता खोटी पाठवली. आपली दिशाभूल.”

“इंगवलेसाहेब, घोंगड्या विणणारा माणूस दिशाभूल कशाला करेल?”

“तेच तर शोधायचंय.” वर्तमानपत्रवाले स्टँडवर येऊन गेले होते, वरून फोन वाजत होते, आणि इंगवल्यांना कुणाला तरी पकडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. संध्याकाळच्या आत मल्लाण्णा कोठडीत आला. त्याच्या घराला सील लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला भेटायला गेले. पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ, पिळदार फेट्याचा माणूस. बोटांना पिठाच्या आणि लोकरीच्या सवयीनं आलेला राठपणा. कोठडीत तो भिंतीला टेकला नव्हता, ताठ बसला होता.

“पावडर कसली?” इंगवल्यांनी विचारलं.

“चिंचोक्याचं पीठ. म्या खाऊन दावू का?”

“मग हमालाच्या मानेवर काळा फोड कसा आला?”

हे ऐकून त्याचा चेहरा बदलला. “काळा?” त्यानं मला विचारलं. “मधी काळा, आन् सूज? दुखत न्हाई?”

“तुम्हाला कसं ठाऊक?” मी म्हणाले.

तो फेट्याचं टोक खोचत राहिला. मी लोकरीचं विचारलं तेव्हा मात्र ताडकन उत्तर आलं. “जित्या मेंढीची. देवाशप्पत.” उत्तर इतकं चटकन आलं की मला ते खटकलं, पण शपथ घेतलेल्या माणसाला काय म्हणणार? कुठे मेंढ्या मेल्या का विचारलं, तर नाही. घरात कुणी आजारी आहे का विचारलं, तर तो जमिनीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “फाशी आली म्हणायची. माज्याच दारात आली.”

इंगवल्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. बघा, कबूल होतोय, असा त्यांचा आविर्भाव होता.

“अहो, तुम्हाला कोणी फाशी देत नाही,” मी म्हणाले. मला त्याची खरंच कीव आली होती. “पिठात काही निघालेलं नाही. उद्या-परवा सोडतील.”

तो माझ्याकडे बघत होता, पण मी बोलले ते त्याच्या कानांत शिरलेलं दिसत नव्हतं. मग त्यानं गज धरले आणि विचारलं, “बाई, फाशीवर इंजेक्शन असतं का?”

इंगवले मोठ्यांदा हसले. “फाशीवर इंजेक्शन? अरे बाबा, फाशीनंतर थेट पोस्टमॉर्टेम असतं!”

“साहेबाला न्हाई, बाईला इचारतोय. असतं का?”

“नाही हो,” मी म्हणाले. “फाशीवर कसलं आलंय इंजेक्शन?”

त्यानं गज सोडले. “मग ऱ्हाऊ द्या,” म्हणाला आणि पाठ फिरवून बसला. भीतीनं माणसाचं डोकं फिरतं, इंगवले म्हणाले. मलाही तसंच वाटलं. तरी जीपमध्ये बसल्यावर तो प्रश्न माझा पिच्छा सोडेना. घाबरलेला माणूस दया मागतो, वकील मागतो, पाणी मागतो. इंजेक्शन कशाला मागेल?

फोनवर समाधान होईना म्हणून मी आवटींच्या दवाखान्यात गेले. आवारात शेळ्यांची रांग होती. आवटी एका म्हाताऱ्या बाईशी हुज्जत घालत होते. तिची शेळी बाभळीला बांधलेली होती आणि बाई तिला सोडवून न्यायच्या तयारीत होती.

“आजी, एवढी आलीस तर टोचून घेऊन जा की. फुकट आहे.”

“नगं. मागल्या टायमाला टोचलं तर दूध आटलं.”

“दूध आटलं तर परत येतं. फाशी झाली तर शेळी परत येते का?”

मी जागच्या जागी उभी राहिले.

“काय झाली तर?” मी विचारलं.

“फाशी.” आवटींनी सुईतून हवा काढत मान वळवली. “अरे, मॅडम! या की. फाशीची लस चाललीय आज.”

“फाशी म्हणजे काय?”

“म्हणजे तुमचा अँथ्रॅक्स.”

“आम्ही त्याला काळपुळी म्हणतो.”

“माणसाला झाली की काळपुळी, जनावराला झाली की फाशी. चांगलं चरणारं जनावर फास लागल्यासारखं एकदम पडतं, म्हणून असेल. काय हो, काय झालं? अशा का बघताय?”

शेळी बें करून ओरडली, कारण आवटींनी बोलता बोलता सुई टोचली होती. मी काहीतरी बोलून जीपकडे धावले. वाटेत रुग्णालयातून पेनिसिलिनच्या बाटल्या, सिरिंज, सलाईन, हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं. मी त्या माणसाला सांगून बसले होते की या आजारावर औषध नाही.

इंगवले कोठडीच्या दारात फोनवर बोलत होते. मी त्यांना ओलांडून आत गेले.

“मल्लाण्णा, फाशीवर इंजेक्शन असतं.”

तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याची पाठ हलली.

“सकाळी मला कळलं नव्हतं तुम्ही कशाबद्दल विचारताय. असतं इंजेक्शन. या पिशवीत आहे. कुणाला द्यायचंय?”

तो वळला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज चिरका नव्हता, घाई होती त्यात.

“शिवक्काला. माज्या मंडळीला. गळ्याला फोड आलाय तिच्या. काल मला धरून आणलं तवा सूज कानाच्या पाळीपातुर गेल्ती.”

“कुठे आहे ती?”

“कुठं असणार? घराला कुलूप ठोकलं ह्यांनी. मागाच्या खोपीत असंल. गावातलं कोण पावडरीच्या भ्यानं तिकडं फिरकायचं न्हाई.”

इंगवल्यांनी फोन ठेवला होता. आमचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं आणि त्यांच्या रुमालाबाहेरच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. त्यांनी स्वतः कुलूप काढलं. “चल,” मल्लाण्णाला म्हणाले, “गाडीत बस.”

नागझरीला जाईपर्यंत मल्लाण्णानं सांगितलं. एका फिरत्या मेंढपाळाच्या मेंढ्या गावाच्या माळावर पडल्या. एकाएकी, नाकातोंडातून रक्त येऊन. कुणी कुठे कळवलं नाही, कारण मेंढपाळ पहाटेच वाडा उठवून पुढच्या गावाला निघून गेला. त्या वर्षी दुष्काळानं लोकर मिळत नव्हती आणि जत्रेच्या घोंगड्यांची मागणी आधीच घेऊन ठेवलेली होती. माळावर मेलेल्या मेंढ्यांच्या अंगावर चांगली लांब लोकर होती. मल्लाण्णा कातर घेऊन गेला.

“आजवर केलं न्हवतं कवा,” तो म्हणाला. “बा असता तर त्यानं हात तोडलं असतं. मेंढका म्हणला हुता, इखारी पाला खाल्ला आसंल. म्या तेच खरं धरलं. आज सकाळी ह्या साहेबांनी काळा फोड म्हटल्यावर डोस्क्यात लख्ख परकाश पडला.”

“मग सकाळीच का नाही सांगितलंत?” इंगवल्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

“बाईनं सांगितलं, इंजेक्शन नसतं. मग ती जायाचीच आसंल तर तिच्यामागं नाव बी कशाला घालवू, म्हटलं.”

इंगवल्यांनी ड्रायव्हरला वेग वाढवायला सांगितलं.

मागाची खोप गावाच्या टोकाला होती. खड्ड्यातला माग, शेजारी लोकर कातायचा रहाट, कोपऱ्यात लोकरीचे पुंजके. त्या पुंजक्यांपाशीच शिवक्का पडली होती. मान अशी सुजली होती की हनुवटी आणि छाती एक झाली होती, आणि श्वासाला करवतीसारखा आवाज येत होता. मल्लाण्णा आत धावला तसं मी त्याला मागे ओढलं. “तुम्ही बाहेर. तिला आधी बाहेर आणू द्या.” इंगवल्यांनी रुमाल घट्ट बांधला आणि तिचे पाय धरले. हा माणूस दोन दिवस पिठाला भीत होता आणि आता खऱ्या जंतूंच्या लोकरीत उभा होता. तिला बाहेर आणून सुई दिली, सलाईन लावलं, जीपमध्ये मागे आडवं केलं. मल्लाण्णानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि सबंध वाटेत एकच विचारत राहिला, “श्वास हाय न्हवं? हाय न्हवं?”

तिचा श्वास टिकला. दुसऱ्या सकाळी सूज थांबल्यासारखी दिसली. पण मला बसून चालणार नव्हतं. त्या लोकरीच्या घोंगड्या नागझरीत आणि आसपासच्या वाड्यांत विकल्या गेल्या होत्या. त्या खांद्यावर होत्या, पाठीवर होत्या, बाळंतिणीच्या खोलीत अंथरलेल्या होत्या. सगळ्या गोळा करून जाळायला हव्या होत्या, आणि तेही लगेच.

बिरोबाच्या देवळासमोर माणसं जमवली. मी समोर उभी राहिले आणि शिकवल्याप्रमाणे बोलले. जंतू म्हणजे काय, तो लोकरीत वर्षानुवर्षं कसा टिकतो, फोड कसा येतो. तात्या तुपेचं उदाहरण दिलं, शिवक्काचं दिलं. माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हाकू कोळेकर नावाचे म्हातारे उठले. देवाची पालखी त्यांच्या घराण्याकडे होती आणि त्यांच्या खांद्यावर नवीकोरी काळी घोंगडी होती.

“डाक्तरीणबाई, तुमचं बोलणं रास्त आसंल. पर ही घोंगडी देवाच्या अंगावरनं माज्या अंगावर आलीय. ही जाळायला देऊ म्हंता?”

“आजोबा, जीव जाईल हो.”

“जाऊ दे की. सत्तरी झाली.” माणसं हसली. “आन् फोड काय, बाभळीचा काटा टोचला तरी येतो.”

इंगवल्यांनी कायदा सांगून पाहिला. त्यांनी आवाज चढवला तशी माणसांनी घोंगड्या अंगाभोवती आणखी लपेटून घेतल्या. एका बाईनं तर खांद्यावरचं मूल घोंगडीत गुंडाळलं आणि ती माझ्या देखत निघून चालली. आता काय करावं ते मला सुचेना. जंतूचा धाक दाखवला, मरणाचा दाखवला, पोलिसाचा दाखवला, आणि सगळे धाक संपले होते.

मल्लाण्णा जीपपाशी उभा होता. त्याला मी बोलावलंच नव्हतं, इंगवल्यांनीही नाही. सुटून तो तसाच आमच्याबरोबर आला होता. तो गर्दीतून पुढे आला आणि देवळाच्या पायरीपाशी थांबला, वर मात्र चढला नाही.

“म्हाकूबा,” तो म्हणाला, “ती घोंगडी खाली ठेवा.”

“का रं? तूच इणलीस न्हवं?”

“म्याच इणली. मेल्याल्या मेंढीची हाय.”

चालत निघालेली ती बाई थांबली.

“सगळ्याच,” मल्लाण्णा म्हणाला. “दसऱ्यापासनं इकल्या तेवढ्या सगळ्या. माळावर मेंढ्या मरून पडल्या हुत्या, त्येंची कातरली. तुमास्नी जित्या मेंढीची म्हणून दिली. देवाला बी दिली.”

म्हाकूबांनी घोंगडी खांद्यावरून अशी झटकली जणू तिला आग लागली होती. ती धुळीत पडली. मग दुसरी पडली, तिसरी पडली. त्या बाईनं मूल काढून कडेवर घेतलं आणि घोंगडी लांबूनच फेकली. मी तासभर जे सांगून थकले होते ते दोन शब्दांत झालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. माणसं घोंगडी टाकून जाताना मल्लाण्णाच्या अंगावरून जात होती, पण त्याच्याकडे बघत नव्हती. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हाकूबा तेवढे त्याच्यासमोर थांबले. म्हणाले, “तुजा बा माजा दोस्त हुता रं,” आणि निघून गेले.

ओढ्यात खड्डा खणून आम्ही सगळं जाळलं, खोपीतली लोकरसुद्धा. आवटींनी माळावरची जागा शोधून काढली आणि मेंढ्यांच्या सांगाड्यांची विल्हेवाट लावली. धुराच्या वाऱ्याला कुणी उभं राहू नये म्हणून मी ओरडत होते. मल्लाण्णा वाऱ्याच्या उलट बाजूला, पार लांब, एकटाच उभा होता. इंगवले त्याच्यापाशी गेले आणि काही न बोलता त्याला तंबाखूची चंची दिली. तालुक्यात त्यानंतर चारदोन फोड निघाले, सगळे वेळेवर सापडले, एकही माणूस गेला नाही. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. वर्तमानपत्रांनी मात्र पावडरीत काही निघालं नाही म्हणून एका ओळीत विषय संपवला.

मल्लाण्णाचा माग पुन्हा चालला नाही, हे मला पुढे कळलं. तो जावयाकडे गेला आणि तिथे सतरंज्या विणू लागला.

पण मला या सगळ्यातून आठवते ती शिवक्काच्या खाटेजवळची दुपार. सूज बरीच ओसरली होती आणि तिला पहिल्यांदा स्पष्ट बोलता येत होतं. मी नाडी बघत होते. मल्लाण्णा खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला होता. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “सांगितलं म्या. देवळाम्होरं, सगळ्यांच्या देखत. मेल्याल्या मेंढीची हाय म्हणून.”

तिनं उशीवरची मान त्याच्या बाजूला वळवली.

“बरं केलंसा,” ती म्हणाली.

“तुला बी फशिवलं म्या. तुला बी म्हणलो हुतो, जित्या मेंढीची हाय.”

“मला कुठं फशिवलंसा?” तिचा आवाज घोगरा होता, पण त्यात थोडं हसू होतं. “रहाटावर घितली तवाच कळलं. सारखी तुटत हुती. जिती लोकर अशी तुटत न्हाई.”

माझं बोट तिच्या नाडीवर तसंच राहिलं. मल्लाण्णानं मान वर केली.

“मग बोललीस का न्हाई?”

“तुमास्नी वाटत हुतं मला ठावं न्हाई. म्हटलं, ऱ्हाऊ दे. तुमची मान माज्याम्होरं तरी ताठ ऱ्हावी.”

तो खाटेचा पाय धरून बसला होता. त्यानं विचारलं, “आन् गळ्याला फोड आला, तवाबी?”

“तवाबी,” शिवक्का म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे पाणी मागितलं.